वरखाली वाचायचं नाही

पत्रावळीवर भात पडला होता. वरण यायचं होतं. मी भातात बोटांनी आळं केलं आणि तेवढ्यात माझ्यासमोरून पत्रावळ उचलली गेली.

वर पाहिलं तर मम्मी. आमच्या सभेत पास्टरला पप्पाजी म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मम्मी. ती ओरडली नाही. वाढणाऱ्या बाईला फक्त म्हणाली, "हिला नाही. ही अजून शुद्ध झाली नाही."

भात परत टोपल्यात टाकता येत नव्हता. माझी बोटं लागली होती. मांडवाबाहेर बकरी बांधलेली होती, तिच्यापुढे टाकला.

कापणीचा सण होता. धान घरात आलं की सभेत उपकारस्तुती होते आणि मग सगळ्यांची एकच पंगत. मी लहानपणापासून या पंगतीत बसत आले. त्या दिवशीही बसले. माझ्या उजव्या हाताला माझी माय होती. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. निदान माझ्याकडे बघेल. तिनं आपली पत्रावळ धरली आणि पलीकडे सरकवली. मग स्वतः सरकली. आणि खाली मान घालून जेवू लागली.

बकरीचं मला काही वाटलं नाही. माय सरकली त्याचं वाटलं.

मी अशुद्ध कशी झाले, ते सांगते. मी मासोळी खाल्ली.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. आरमोरीकडच्या एका गावात आमचं घर. गावाला मामा तलाव आहे, जुना मालगुजारीतला, त्यात मोठं जाळं पडतं तेव्हा प्रत्येक घराचा एक माणूस दोरावर लागतो. कोण कुठं उभं राहणार, ते ठरलेलं असतं. माझे बाबा वारले तेव्हापासून आमच्या घराची जागा रिकामीच. माय सभेत जायला लागली आणि मग तर ती भरायचा प्रश्नच राहिला नाही, कारण जाळं टाकायच्या आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नारळ फुटतो. सभेच्या लेखी ती मूर्तिपूजा, आणि त्यानंतरची मासोळीही अशुद्ध.

या दिवाळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातून घरी आले होते. माय धान कापायला गेली होती. काका दारात आला.

"येतं का वं? तुह्या बापाची जागा खालीच राह्यते. दोर तिथी झोल खाते."

"मले जमन का काका?"

"पुस्तकं ओढून राह्यली ना तू तीन वर्षांपासून? तं दोर ओढाले काय होते?"

मी गेले. नारळ फुटला तेव्हा मी बाजूला उभी होते. हात जोडले नाहीत. कोणी जोड म्हटलंही नाही. एक जण फक्त हसत म्हणाला, "अरे, पास्टरची मेंढी पाण्यात उतरून राह्यली. लोकर भिजन बाप्पा तिची." सगळे हसले, मीही हसले. मग आम्ही ओढायला लागलो. ओला दोर हाताला कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. तळव्याची कातडी निघाली. पण काका ज्याला बाबाची जागा म्हणत होता, तिथं मी उभी होते आणि दोर झोल खात नव्हता. बाबाचं असं काहीच आमच्या घरात उरलं नाही. फोटोही नाही. ती जागा होती.

पाळीवरच चूल मांडली. मरळ होती, लाल तिखटाचा रस्सा. मी पोटभर खाल्लं.

आमचा हिस्सा घेऊन घरी गेले तर माय दारातच थांबली. "आत नको आणू वं," म्हणाली. रागावली नाही, घाबरली. मासोळी शेजारी देऊन टाकली.

सभेत दर शुक्रवारी पापं सांगायची पद्धत आहे. आपली आणि घरच्यांचीही. घरच्याचं पाप लपवलं तर ते आपल्या डोक्यावर येतं, असं शिकवतात. तर मी तलावावर जेवले हे सभेला कोणी सांगितलं, हे शोधावं लागत नाही. मायनं सांगितलं.

मी मायवर चिडत नाही. चिडता येत नाही. बाबा गेल्यानंतर त्याच साली शेजारच्या घरी एक लेकरू दगावलं. गावात कुजबुज सुरू झाली की ही बाई काहीतरी करते. तोंडावर कोणी म्हटलं नाही. पण लग्नाला बोलावणं बंद झालं. बारशाला बोलावणं बंद झालं. विहिरीवर माय आली की बाया आपली पाण्याची गुंडी उचलून घ्यायच्या. मी लहान होते, मला एवढंच कळायचं की आमच्या घरी कोणी येत नाही. तेव्हा सभेची माणसं आली. चटईवर बसली. पाणी मागितलं. माय आजही त्या दिवसाचं सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. "यायनं माह्या हातचं पाणी पेलं," म्हणते. तिच्यासाठी तेवढ्यात सगळं आलं.

माझ्यासाठीही आलं होतं. मला वाचायची गोडी सभेनं लावली. सभेत गाणी म्हणताना मला पहिल्यांदा वाटलं की आपला आवाज बरा आहे. हे मी नाकारणार नाही. बाहेरची माणसं म्हणतात, तांदळासाठी गेले असतील. आम्ही तांदळासाठी गेलो नाही. सोबत बसून कोणीतरी जेवेल म्हणून गेलो.

म्हणूनच पंगतीतून उठवलं ते एवढं लागलं. ज्या एका गोष्टीसाठी आम्ही गेलो, तीच त्यांनी हातात धरली. आता वाटेल तेव्हा देतात, वाटेल तेव्हा काढून घेतात. आणि याला शुद्धता म्हणतात.

पप्पाजींचा एक नियम होता. दर आठवड्याला ते शास्त्रातली एक ओळ द्यायचे. तिला सुवर्णवचन म्हणायचं. लाल पेन्सिलीनं तिच्याखाली रेघ मारायची, पाठ करायची, पुढच्या रविवारी म्हणून दाखवायची. फक्त तीच ओळ. तिच्या वरचं वाचायचं नाही, खालचं वाचायचं नाही. "वरखाली वाचाल तर गोंधळ होईल. ते उलगडून सांगायला देवानं मला नेमलं आहे." आम्ही मान डोलवायचो. मायला तर सही सोडून लिहितावाचता येत नाही, तिला मीच पाठ करून घ्यायचे. माझं पुस्तक लाल रेघांनी भरलं होतं. मला वाटायचं, मला शास्त्र येतं.

सगळ्यात जास्त वेळा दिलेलं वचन एकच. माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, अशा अर्थाचं. अभिषिक्त म्हणजे पप्पाजी. कोणी विचारलं की माझ्या मुलीचं लग्न तुम्ही का ठरवता, की उत्तर हेच. कोणी विचारलं की सख्ख्या भावाच्या मयतीला का जायचं नाही, की उत्तर हेच. प्रश्न विचारणं म्हणजे हात लावणं. असा माणूस पुढच्या रविवारी मागच्या भिंतीशी बसलेला दिसायचा आणि त्याच्या शेजारची चटई रिकामी असायची.

पंगतीतून उठून मी उपाशीच वसतिगृहावर परतले. दोन दिवसांनी ते पुस्तक उघडलं. खरं सांगते, बंड करायला उघडलं नव्हतं. मी चूक शोधायला बसले होते. माझी. मला वाटत होतं की ती ओळ पुन्हा वाचली तर मला रडू येईल, मी पश्चात्ताप करीन आणि सगळं पहिल्यासारखं होईल. लाल रेघ सापडली. आणि नजर वर गेली. आयुष्यात पहिल्यांदा.

वर लिहिलं होतं की ते लोक थोडके होते. परके होते. या देशातून त्या देशात, या राज्यातून त्या राज्यात भटकत होते. आणि देवानं कोणाला त्यांच्यावर जुलूम करू दिला नाही. त्यांच्यासाठी त्यानं राजांना दटावलं. काय म्हणून दटावलं, तर तीच माझी लाल ओळ. यांना हात लावू नका.

मी पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

ती ओळ राजांना म्हटलेली आहे. खुर्चीवर बसणाऱ्यांना. आणि अभिषिक्त कोण, तर ज्यांना ना घर ना जमीन, ज्यांची कुठं ओळख नाही, ती माणसं. विहिरीवर जिच्यापासून गुंडी उचलून घेतात, अशी बाई. आमच्यासाठी जी ओळ होती, ती त्यांनी आमच्यावर उगारली होती. इतकी वर्षं. आणि पाठ मीच करून घेतली मायकडून.

मग मी थांबले नाही. प्रत्येक लाल रेघेच्या वर आणि खाली वाचत गेले. मूर्तीपुढच्या अन्नाबद्दल पप्पाजी सांगत की ते खाल्लं की सैतानाच्या मेजावर जेवलो. तसं शास्त्रातल्या एका पत्रात लिहिलेलं आहे. पण त्याच पत्रात थोडं मागे असंही आहे की मूर्ती म्हणजे काहीच नाही आणि अन्नामुळे कोणी देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही. पुढे असंही आहे की तुझ्या खाण्यानं एखाद्या कच्च्या मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नको. हे माझ्या विरुद्ध जातं, तरी सांगते. मी अर्धं वाचून भांडले तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? पण ते सोडणं प्रेमानं सोडणं आहे. पत्रावळ हिसकण्याची परवानगी त्यात मला कुठं सापडली नाही.

पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, असं येशू शिष्यांना सांगतो. या ओळीखाली माझ्या पुस्तकात रेघ नव्हती. ती ओळ आम्हाला कधी दिलीच नव्हती.

पापी माणसासोबत जेवू नका, असं एका पत्रात आहे हे खरं. त्याखाली माझी रेघही आहे. पण ज्याच्या नावानं सभा भरते, त्याच्यावर धर्माच्या लोकांचा मोठा राग कशावरून होता? तो पाप्यांसोबत जेवतो, यावरून. पप्पाजींच्या पंगतीत तो बसला असता तर त्याचीही पत्रावळ उचलली गेली असती.

मी काही शास्त्री नाही. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या वाचण्यात चुका असतील. कोणी दाखवाव्या. वाचून दाखवाव्या. आणि सगळीच चर्चं अशी असतात असंही मी म्हणत नाही, मला बाकीची माहीत नाहीत. मला ही सभा माहीत आहे.

नाताळाच्या आधी घरी गेले. मायनं भात वाढला. माझं ताट ओसरीवर ठेवलं आणि स्वतःचं घेऊन आत चुलीपाशी बसली. मधे दार उघडं होतं.

"माय, काऊन असं?"

"पप्पाजीनं सांगतलं. तू कबूल होत नाई तोवर."

"अन् तुले काय वाटते?"

"मले कोण विचारते बाई," म्हणाली आणि कुस्करलेला भात तसाच हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पाजी आले. घरात एकच खुर्ची, ती मायनं पुसून दिली. माय खाली बसली. त्यांचा आवाज गोड असतो, नेहमीच.

"बेटी, देव क्षमा करायला तयार आहे. रविवारी सगळ्यांपुढे गुडघे टेकून एवढंच म्हण, मी सैतानाच्या मेजावर जेवले. त्याच दिवशी तुझी आई तुझ्यासोबत जेवेल."

मी आत जाऊन पुस्तक आणलं. मी लाल रेघेच्या वरून वाचायला सुरुवात केली. थोडके लोक. परके. राजांना दटावलं. मग विचारलं, "पप्पाजी, यात तुम्ही कोण आहात? आणि माझी माय कोण?"

पुस्तकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग मायकडे वळले. "बघितलंस बाई? यासाठीच मी म्हणतो, पोरींना बाहेर शिकायला पाठवू नका. अभिषिक्ताला उलट विचारते ही. आता हिचा शाप तुझ्या घरावर आहे."

एवढंच. मला वाटत होतं, ते काहीतरी मोठं सांगतील, जे मला कळलं नसेल. त्यांच्याकडे काही नव्हतं. फक्त शाप होता.

ते गेल्यावर माय माझ्याजवळ आली. माझ्या मनगटाला धरलं.

"म्हणून टाक ना वं. एका वाक्याचं काम हाये. मले तुह्यासंग जेवा वाट्टे."

"तं जेव ना माय. कोण अडवून राह्यलं? ते तं गेले."

तिनं खुर्चीकडे पाहिलं. रिकामी खुर्ची. तरी तिचा हात सुटला.

तेव्हा मला कळलं की त्यांनी काय केलं आहे. गावानं मायला बाहेर ठेवलं होतं, ते तिला दिसत होतं. यांनी पहारेकरी तिच्या आतच बसवला.

कॉलेजात शिकवलं आहे की असा बहिष्कार टाकणं गुन्हा आहे, तक्रार करता येते. मी विचार केला. पण माझ्यासोबत जेवायला नकार देणारी पहिली व्यक्ती म्हणून मला कोणाचं नाव द्यावं लागेल? ते नाव मी देणार नाही.

आणि ते वाक्यही म्हणणार नाही. मी बाबाच्या जागी उभी राहिले, दोर ओढला आणि माझ्या माणसांसोबत जेवले. हे पाप नाही. पाप नसलेल्या गोष्टीला पाप म्हणणं, ते मात्र खोटं आहे. आणि त्या खोट्यावर मिळालेली माय मला नको. कारण मग ती माझी नाही राहणार. पप्पाजींनी दिलेली राहील, आणि पुढच्या वेळी पुन्हा काढून घेतील.

सभेतल्या दोन बाया सुट्टीत मला गुपचूप विचारून गेल्या की आमच्या रेघेच्या वर काय लिहिलं आहे. मी त्यांना वाचून दाखवलं. अजून येतील त्यांना वाचून दाखवीन. उघड्या दारात बसून, मोठ्यानं, मायला आत ऐकू जाईल असं. तिला यायचं तर ती येईल. नाही आली, मरेपर्यंत वेगळी जेवली, तरी मी गुडघे टेकणार नाही.