भिंतीची जाडी

आमच्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांत गणिताचे दोन भाग पडतात. एक खरं गणित आणि दुसरं माझं. माझं म्हणजे व्यवहारगणित. फरशी किती लागेल, रंग किती लागेल, टाकीत पाणी किती मावेल. स्टाफरूममध्ये त्याला 'ढ पोरांचं गणित' म्हणतात, माझ्या तोंडावर म्हणतात आणि वर फिदीफिदी हसतात. हसू देत मेले.

पट्टी माझ्याच वर्गातली. स्टीलची फूटपट्टी दिवसभर हातात असायची, म्हणून हे नाव. बोलणं कमी. तिच्या वाटचं बोलायला तिची चुलत बहीण होती, रेडिओ. दोघी एका वयाच्या, एका घरातल्या, एका खोलीत झोपणाऱ्या आणि एका बाकावर बसणाऱ्या. रेडिओ उदाहरण मोठ्याने वाचायची, पट्टी सोडवायची. एकीला गणित झेपत नसे, दुसरीला वाचायचा कंटाळा. मी कितीदा ओरडले असेन, "अगं, वेगळ्या बसा की! परीक्षेत काय गळ्यात गळा घालून बसणार आहात?"

मग मी राहत्या घराचा नकाशा काढायला सांगितला, प्रमाणात. दोघींनी मिळून काढला. पुठ्ठ्याचे पलंग, कपाट, टेबल त्याच प्रमाणात कापले, नकाशावर सरकवून बघता यावेत म्हणून. शाळेत आम्ही भिंत एका रेघेची काढतो, सगळीकडे तसंच शिकवतात. मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

त्याच सुमारास दोघींच्या वडिलांचं फाटलं. सख्खे भाऊ, कुलुपं-किल्ल्यांचं एकत्र दुकान. कशावरून बिनसलं, ते रेडिओच्या आईलाही मला धड सांगता आलं नाही. घर वाटून घ्यायचं ठरलं. एकाने घेतलेलं माप दुसऱ्याला पटेना. तेव्हा कुणाला तरी मुलींचा नकाशा आठवला. भांडणाच्या आधीचा, शाळेने तपासलेला, त्यात लबाडी कशी असेल? चांगले मिशीवाले दोन बाप्ये पुठ्ठ्याचे पलंग सरकवत बसले आणि मुलींच्या खोलीच्या बरोबर मधोमध पेन्सिलीने रेघ मारून मोकळे झाले. एक पलंग रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे. अगदी चपखल बसले.

गवंड्याने नकाशा पाहिला आणि विचारलं, "रेघ दिसली. भिंतीची जाडी कुणाच्या खोलीतून घेऊ?"

पुन्हा हमरीतुमरी. शेवटी निम्मी-निम्मी ठरली. पंधरा सेंटीमीटरची भिंत, साडेसात इकडची, साडेसात तिकडची. भिंत उभी राहिली आणि पलंग काही केल्या मावेनात. मग सुतार बोलावून दोन्ही पलंग पायथ्याकडून कापले.

पट्टीने हे मला हजेरी द्यावी तसं सांगितलं.

"मग झोपतेस कशी गं?"

"पाय दुमडून."

"आणि ती?"

"माहीत नाही, बाई. पलीकडचं ऐकू येत नाही."

मला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. मी फळा पुसला.

रेडिओ आता वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. एकमेकींशी बोलायचं नाही, अशी दोघींना घरून ताकीद होती. पण रेडिओ कुणाशीच बोलेना. पट्टी बाकावर अर्धी जागा सोडून बसायची, पुस्तक उघडायची आणि तशीच बघत राहायची. कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून थांबल्यासारखी. मला चीड यायची. कुणाची, ते ठरवता येत नसे.

पूर्वपरीक्षेत मात्र आडनाव एकच म्हणून नंबर लागोपाठ आले. पट्टी पुढे, रेडिओ मागे. पेपरात एक उदाहरण होतं. एका हॉलच्या मधोमध भिंत घालून दोन सारख्या खोल्या केल्या, तर प्रत्येक खोलीला फरशी किती लागेल? खाली ठळक अक्षरांत सूचना होती, 'भिंतीची जाडी विचारात घेऊ नये.' पट्टीने प्रत्येक खोलीच्या लांबीतून साडेसात सेंटीमीटर वजा केले होते. वेंधळी कुठली, असं म्हणत मी पुढचा पेपर घेतला. तो रेडिओचा होता. तिथेही साडेसात.

हेडसरांनी एका वाक्यात निकाल लावला. मागे-पुढे बसलेल्या दोघी, चूक एकच, म्हणजे कॉपी. पेपर रद्द, फायनलला बसायचं नाही. वर्ष जाणार होतं. आणि वर्ष गेलं तर शाळा बंद, हे रेडिओच्या वडिलांनी तिला आधीच बजावलं होतं.

दोन्ही वडिलांना बोलावलं. भिंत घातल्यापासून दोघे पहिल्यांदाच एका खोलीत आले होते. मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून बसले.

"तुझ्या पोरीने मागून बघून लिहिलं," पट्टीचे वडील म्हणाले.

"हिने दाखवलं म्हणूनच बघितलं ना, दादा?"

मुली कपाटाशी उभ्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

"अगं, बोला की! वर्ष जाईल तुमचं! उदाहरणात साडेसात कुठेच नाही. हा आकडा आणलात कुठून?"

"घरातून," पट्टी म्हणाली.

"म्हणजे?" हेडसरांनी विचारलं.

उत्तर रेडिओने दिलं. तिचा आवाज बसला होता. "खोलीच्या मध्ये भिंत घातली की प्रत्येकीचे साडेसात जातात, सर. आमचे गेले."

पट्टीचे वडील भावाकडे वळून "अरे" एवढंच म्हणाले. भाऊ रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. हेडसरांनी दोन्ही पेपर पुन्हा एकदा पाहिले आणि माझ्याकडे सरकवले. "कॉपी नाही," ते म्हणाले. "बसू द्या दोघींना."

त्या उदाहरणाचे मार्क मी दिले नाहीत. सूचना स्पष्ट होती, आणि फायनललाही ती असणारच.

व्हरांड्यात दोघी माझ्यापाशी थांबल्या.

"बाई, मग जाडी धरायची नाही ना?" पट्टीने विचारलं.

"नाही धरायची."

"असली तरी?" रेडिओ म्हणाली.

"असली तरी."

"बरं," दोघी एकदमच म्हणाल्या. त्यांचे वडील दोन वेगळ्या फाटकांकडे निघाले होते. दोघी आपापल्या वडिलांच्या मागे गेल्या.