बाहेरून लावायचं स्टूल

"सिस्टर, हा टोंगळे कोणता रोग आहे हो?" नव्या डॉक्टरांनी मला आल्या दिवशीच विचारलं.

"रोग नाही, सर. गुडघे. इकडे गुडघ्यांना टोंगळे म्हणतात."

"सकाळपासून जो येतोय तो तेच सांगतोय."

"रोजच सांगतात."

दर्यापूरकडच्या एका गावातला तो सरकारी दवाखाना. पंचायत समित्या नुकत्याच आल्या होत्या आणि माझी ती पहिलीच नोकरी होती. माझं माहेर अमरावतीचं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मी नर्स झाले. गावात मला खोली मिळाली ती बौद्धवस्तीत. दुसरीकडे कुणी दिलीच नसती, आणि मीही विचारायला गेले नाही.

डॉक्टर पुण्याचे. वयाने माझ्याहून थोडेच मोठे, अंगाने काडी, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती पार टोकाला नेल्याशिवाय न सोडणारे. टोंगळ्यांवर दवाखान्यात एकच लाल मिक्स्चर होतं. महिना सरत आला की कंपाउंडर त्यात पाणी वाढवत जायचा आणि शेवटी ते गुलाबी व्हायचं. डॉक्टरांनी काही आठवडे गावाची उठबस पाहिली. बायका शेतात निंदण, म्हणजे खुरपणी, करतात उकिडव्या बसून, भाकरी थापतात खाली बसून, धुणं तसंच, भांडी तशीच. पुरुष मांडी घालून जेवतात, मांडी घालून भजन करतात. उठताना सगळे हात टेकून "आई गं" म्हणतात.

"औषधाने काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आपण यांना जमिनीवरून उचललं पाहिजे."

मला वाटलं, बोलण्याची तऱ्हा आहे. पण ते खरंच उचलायला निघाले होते. गावातले सुतार मुसलमान होते, खाचराची, म्हणजे बैलगाडीची, चाकं करायचे. त्यांना बोलावून डॉक्टरांनी बाभळीच्या लाकडाची स्टुलं करायला सांगितली. दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली गाव जमवलं. मधोमध एक स्टूल ठेवलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, बसून दाखवा."

मी बसले.

समोर सगळं गाव जमिनीवर. पाटील जमिनीवर, त्यांची म्हातारी आई जमिनीवर, आईचे भासरे, म्हणजे थोरले दीर, तेही जमिनीवर. आणि वस्तीतली पोरगी मी, त्या सगळ्यांच्या वर. गुडघे काटकोनात कसे राहतात ते डॉक्टर समजावत होते. ऐकत कुणीच नव्हतं. सगळे स्टुलाची उंची पाहत होते.

भासऱ्यांनी काठी आपटली. "उतर."

मी उठणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "बसा सिस्टर, हालू नका. अजून घोट्याचं सांगायचंय."

घोट्याचं सांगून झालं, मग पाठीच्या कण्याचंही झालं. मी तशीच बसून. डॉक्टरांना त्यातलं काहीही कळलं नव्हतं. पण त्यांच्या त्या न कळण्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पहिलं स्टूल पाटलांच्या आईला मिळालं. तिचे टोंगळे गावात सगळ्यांत वाईट. उठवायला दोन सुना लागायच्या. मी आठवड्याने पाहायला गेले तर म्हातारी पहिल्यापेक्षा जास्त कण्हत होती.

"काय झालं, माय?"

"काय होईन? तुमच्या त्या लाकडी घोडीनं मारलं मले," म्हातारी म्हणाली. "बसली का भासरे येते. त्याईच्यासमोर मी वर कशी बसू? खाली उतरते. ते गेले का पुन्हा चढते. तं ते चिलीम विसरले म्हनून परत येते. पहिले मी सकाळी बसो अन् दुपारी उठो. आता दिवसभर उठबस करून राहिली."

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "सोपं आहे. भासऱ्यांनाही स्टूल द्या, जरा उंच."

भासरे आधी तयार नव्हते. "मले काई झालं नाई, बाप्पा. मी काहून बसू?" पण भावजयीपेक्षा वीतभर उंच आहे म्हटल्यावर बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचे चुलतभाऊ दवाखान्यात हजर. ते भासऱ्यांपेक्षा दोन पोळ्यांनी, म्हणजे दोन वर्षांनी, मोठे. तेव्हा त्यांना आणखी उंच. मग देवळातले पुजारी आले. आपल्याला उंचीचा सोस नाही, पण देवाचा मान राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग सरपंच. डॉक्टर सगळ्यांना देत गेले. प्रत्येकाचा गुडघा तपासायचे, प्रत्येकात त्यांना थोडंफार सापडायचंही, आणि मोहिमेला प्रतिसाद चांगला आहे म्हणून ते खूश असायचे.

भासऱ्यांना हे कळलं तसं त्यांनी आपलं स्टूल बदलून मागितलं. ते बदललं तेव्हा चुलतभावांनी बदललं. शेवटी भासऱ्यांच्या स्टुलाचं माप ऐकून सुतार म्हणाले, "डाक्टरसाब, बनवतो ना मी. पन याच्यासंग शिडीबी देऊ का?"

भासरे त्या स्टुलावर बसले की शेताच्या माळ्यावर राखणदार बसल्यासारखे दिसायचे. पाय अधांतरी. दोघांनी धरून चढवायचं आणि दोघांनी उतरवायचं. दिवसभर पाय लोंबकळून घोट्यांवर सूज आली. जन्मात ज्यांचं काही दुखलं नव्हतं ते आता दवाखान्यात येऊन बोट रुतवून दाखवायला लागले.

वस्तीत मात्र वेगळंच चाललं होतं. तिथे स्टुलं गेली आणि कुणी उंची विचारलीच नाही. लोकांनी ती दारापुढे, अगदी रस्त्याला लागून मांडली. त्या रस्त्याने पाटील, सरपंच सगळे जायचे. पूर्वी ते दिसले की माणसं आपल्या दारातल्या बाजेवरून उठून उभी राहायची. आता कुणी उठेना. पाटलांनी एकाला विचारलं, "काहून रे, दिसत नाई का?"

"दिसते ना, पाटील. पन डाक्टरनं उठू नोको म्हनलं. टोंगळे हायेत."

तो गडी विशीतला होता. आठ दिवसांपूर्वी कबड्डीत त्याने तिघांना लोळवलं होतं.

पुढच्या महिन्यात वस्तीतून टोंगळ्यांचे इतके रोगी आले की डॉक्टर चक्रावले. तरणीताठी माणसं लंगडत यायची, डॉक्टरांच्या तोंडून "वारंवार उठू नका" एवढं ऐकायची आणि ताठ चालत परत जायची.

"सिस्टर, तुमच्या वस्तीत तिशीच्या आतले एवढे गुडघे कसे?"

"तिथे उठणं फार व्हायचं, सर."

"म्हणजे?"

"आजवर फार वेळा उठावं लागलंय."

त्यांनी मान डोलावली. "अतिवापर."

"हो," मी म्हटलं.

मग एक दिवस अमरावतीहून मोठे आरोग्य अधिकारी जीपने पाहणीला आले. स्थूल, घामाघूम आणि घाईत. कडुनिंबाखाली पुन्हा सभा. साहेबांसाठी दवाखान्यातली खुर्ची ठेवली होती. ते बसले आणि समोर पाहू लागले तर भासऱ्यांच्या चपला त्यांच्या नाकासमोर हलत होत्या. आजूबाजूला चुलतभाऊ, पुजारी, सरपंच, सगळे वरून साहेबांकडे बघताहेत. साहेबांना रामराम घालायला भासरे वाकले, तर तोल जाऊन साहेबांच्या अंगावरच येता येता राहिले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सांधेदुखी प्रतिबंध, सर," डॉक्टर म्हणाले.

पाटलांना लाज वाटली. साहेब खाली आणि गाव वर, हे बरं दिसेना. त्यांनी हुकूम सोडला, दवाखान्यातलं टेबल बाहेर आलं आणि त्या टेबलावर खुर्ची ठेवली गेली. साहेब नको नको म्हणत होते, पण लोकांनी काखेत हात घालून त्यांना वर चढवलं. चढताना त्यांच्या गुडघ्यात कट्कन आवाज आला, तो मला लांबवर ऐकू आला. कडुनिंबाची फांदी बरोबर त्यांच्या तोंडाशी आली. ती एका हाताने बाजूला धरून त्यांनी भाषण केलं. मोहिमेचं कौतुक केलं. मग उतरायला गेले आणि थांबले.

"पाय वाकत नाहीये," ते हळूच म्हणाले.

डॉक्टर टेबलावर चढले आणि साहेबांचा गुडघा चोळू लागले. पाटलांची आई पुढेच बसली होती, भासऱ्यांसमोर म्हणून जमिनीवर, डोक्यावर पदर ओढून. तिला उठायचं होतं, पण सुना मागे बायकांत अडकल्या होत्या. ती दोनदा हात टेकून उठायला गेली, दोन्हीदा मागे बसली. मग पदराआडूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"त्याईले उतरता येत नाई, मले उठता येत नाई. डाक्टर, हे तुमचं अवशिद हाय का खुर्ची हाय, ते एकडाव सांगून टाका."

"औषधच आहे, आजी," टेबलावरून डॉक्टर म्हणाले.

"मंग अवशिदावानी द्या ना! मी भासऱ्याईसमोर चमच्यानं अवशिद पेते, तवा कोनी म्हनते का, काहून पेऊन राहिली?"

भासरे वरून विचार करत होते. डॉक्टरांचे हात साहेबांच्या गुडघ्यावर तसेच थांबले. मग ते टेबलावरून उडी मारून थेट औषधांच्या खोलीत गेले आणि बाटल्यांना लावायच्या तांबड्या चिठ्ठ्यांमधली एक खळ लावून घेऊन आले. म्हातारीच्या स्टुलावर ती चिकटवली. तिच्यावर छापलं होतं, "बाहेरून लावण्याचे औषध".

"काय लेहलं हाय?" भासऱ्यांनी विचारलं.

पुजाऱ्यांनी वाचून दाखवलं. भासऱ्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "अवशिद हाय तं हाय. घेऊ द्या तिले." आणि लगेच, "मलेबी उतरवा आता. पाय मेले माहे."

त्या दुपारी भासरे, चुलतभाऊ, पुजारी आणि सरपंच एकामागोमाग खाली आले. साहेबांना सगळ्यांत शेवटी उतरवलं, खुर्चीसकट. जीपमध्ये बसताना त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन, स्वतःसाठी एक कमी उंचीचं स्टूल पाठवता येईल का, असं विचारलं.

त्यानंतर स्टुलं औषधासारखी वाटली गेली. कंपाउंडर खिडकीतून द्यायचा, सकाळ-दुपार-संध्याकाळ म्हणून सांगायचा. लोक शब्दाचे पक्के. काही घरांत जेवणानंतर बसायचं झालं की स्टूल पुसून खुंटीला टांगायचे, म्हणजे वाया जाऊ नये. एक बाई भावाला स्टूल द्यायला तयार नव्हती, कारण दुसऱ्याचं औषध घेऊ नये असं मीच तिला शिकवलं होतं. पाटलांची आई मात्र भासऱ्यांसमोर ऐटीत बसायला लागली. बाजेवर पडून पाय सरळ उचलायचा व्यायाम मी तिला शिकवला होता, तोही ती करायची, मोजताना नेहमी चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चुकण्यानेच बहुधा तिचे टोंगळे सुधारले. पोळ्याच्या सुमारास ती सुनांशिवाय उठली.

वस्तीतला तो कबड्डीवाला माझ्याकडे आला. "बाई, आमालेबी लेबल द्या."

"तुम्हाला कशाला? तुम्हाला कोण उतर म्हणतंय?"

"आता नाई म्हनत. पन जवळ असू द्या."

मी चिठ्ठ्या दिल्या. त्यांनी त्या बाजांनाही चिकटवल्या.

आता खरे गुडघे राहिले होते ते शेतातले. गावात काही झालं तरी निंदण उकिडवं बसूनच व्हायचं. डॉक्टर ठेंगणी स्टुलं घेऊन कपाशीच्या रानात गेले. पाऊस नुकताच पडून गेला होता. एक बाई स्टुलावर बसली, आणि आम्ही पाहत असताना स्टुलाचे पाय काळ्या मातीत हळूहळू खाली गेले. बाई होती तशी उकिडवी झाली, खाली स्टूल पुरलेलं. बायका हसून हसून लोळल्या. कसं बसायचं ते दाखवायला डॉक्टर स्वतः दुसऱ्या स्टुलावर बसले. तेही गेलं. ते उपसून काढायला दोघी लागल्या.

चिखलाने भरलेले डॉक्टर बांधावर बसले.

"सिस्टर, इथे काहीच करता येणार नाही?"

मी बायकांकडे पाहिलं. "या एक तास, म्हणजे कपाशीची एक ओळ, संपला की उभ्या राहतात का, विचारू या."

राहत नव्हत्या. मालक ओरडतो म्हणून तशाच उकिडव्या सरकत पुढच्या तासाला लागायच्या. मग मी त्यांना शिकवलं. तास संपला की उभं राहायचं, कमरेवर हात ठेवायचे, एकेक पाय मागे ताणायचा, मग खाली बसायचं. मालक ओरडला तर डाक्टरने सांगितलंय म्हणायचं.

मालक ओरडलेच. त्याच दिवशी दवाखान्यात येऊन भांडले, निंदण रेंगाळतं म्हणून. डॉक्टर त्यांना गुडघ्याची रचना समजावून सांगायला लागले, अगदी घोट्यापासून. मालक मध्येच उठून गेले.

पुढे डॉक्टरांची बदली अकोल्याला झाली. नंतर आलेले डॉक्टर इंजेक्शनवाले होते, त्यांना स्टुलात रस नव्हता. मी तिथे आणखी काही वर्षं होते. श्रावणात कामाने शिवारातून जाताना दिसायचं, रिकाम्या आभाळाखाली बायकांची एक रांग एकदम उभी राहायची, कमरेवर हात ठेवून एकेक पाय मागे ताणायची, आणि बांधावरून कुणीतरी ओरडत असायचं. बायका ताण पुरता घ्यायच्या, मगच खाली बसायच्या.