डावीकडची शिट्टी

चार वर्षं आम्ही सगळे मला दमा आहे असंच धरून चाललो होतो. जिना चढला की छातीत शिट्टी वाजायची. दोनदा न्यूमोनियाही होऊन गेला. कामठीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बाबांचे दोन यंत्रमाग होते. डॉक्टर म्हणाले, कापसाच्या धुळीमुळे होतंय. बाबांनी वाद घातला नाही. महिन्याभरात माग विकले आणि शहराबाहेरच्या वाडी भागात एका गोदामावर कामाला लागले.

माग गेले, तरी शिट्टी काही गेली नाही. एकदा शाळेत शिकवताना खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर रक्त दिसलं. टीबीच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग बाबा मला रामदासपेठेत छातीच्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"दमा असता तर दोन्हीकडे वाजलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमचं डावीकडेच वाजतंय. तिथे काहीतरी अडलंय."

सीटी स्कॅन झाला, मग दुर्बीण घालून पाहिलं. डाव्या श्वासनलिकेत लहान बोराएवढी, लालसर गाठ होती. तिचा तुकडा तपासायला गेला. आठवड्याने उत्तर आलं: कार्सिनॉइड. क्वचित होणारा, बहुतेकदा सावकाश वाढणारा कर्करोग.

बाबांनी एकच विचारलं, "मॅडम, मागाच्या धुळीनं झालं का हे तिले?"

"नाही. धुळीचा याच्याशी संबंध नाही."

कर्करोग ऐकून आलं नव्हतं, ते रडू मला तेव्हा आलं. बाहेर आल्यावर म्हटलं, "बाबा, तुम्ही माग फुकटच विकले."

"मंग काय, तू खोकत राहिली असती अन् मी लुगडे विणत बसलो असतो? चाल वं, ॲडमिशनचं विचारून घेऊ."

सर्जननी नळीचा गाठ असलेला तेवढा भाग कापून दोन टोकं पुन्हा शिवली. फुप्फुस वाचलं. गाठ पसरलेली नव्हती, त्यामुळे केमो लागली नाही. शिवलेली जागा महिनाभर खोकताना ठणकत होती. दिवाळीनंतर शाळेत रुजू झाले.

आता वर्षातून एकदा स्कॅन असतो. बाबा रजा काढून सोबत येतात आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत चहासुद्धा घेत नाहीत.