न्हाणीमागचा डबा

जावा बेटावरच्या केदुंग वस्तीत कोणाच्याही न्हाणीघरात न विचारता शिरायचा मान एकट्या बू वार्सीला, म्हणजे वार्सीबाईला, होता. डोक्याला रुमाल घट्ट बांधून, हातात टॉर्च घेऊन ती सकाळी निघायची आणि घरोघरच्या पाण्याच्या टाक्यांत डोकावायची. अळी दिसली की घरातल्या बाईला हाताला धरून आणायची. "ये, बघ. टाकी आहे की डासांचं बाळंतघर? आधी घास, मग मला चहा विचार." बायका हसत हसत घासायला लागायच्या. राग कोणाला येत नसे. पोराला ताप भरला की रिक्षात शेजारी बसून दवाखान्यापर्यंत येणारी आणि तिथे डॉक्टरशी हुज्जत घालणारीही तीच होती.

खरं नाव वार्सियेम. नवरा रेल्वेच्या फाटकावर कामाला होता, तो मुलगी विजी शाळेत असतानाच गेला. मग वार्सीने गल्लीच्या तोंडाशी लोतेकची गाडी टाकली. उकडलेल्या भाज्या, भाताच्या वड्या आणि वर दगडी खलात वाटलेली शेंगदाण्याची झणझणीत चटणी. त्या चटणीच्या जोरावर तिने विजीला बालवाडीची शिक्षिका केलं. इतकी वर्षं ती लोकांना नुसती 'लोतेकवाली' होती. आरोग्य केंद्राची स्वयंसेविका झाली तेव्हा वस्तीच्या मुखियाने पहिल्यांदा खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "बसा, बू." पगार नव्हता, फक्त एक हिरवा सदरा मिळाला होता. तो सदरा ती सणाच्या कपड्यांपेक्षा जपायची.

त्या वर्षी विद्यापीठाची माणसं डास घेऊन आली.

त्या डासांच्या पोटात एक जिवाणू होता. तो असला की डासाच्या अंगात डेंगीचा विषाणू वाढत नाही, आणि असे डास वस्तीतल्या डासांत मिसळले की हळूहळू सगळी पैदासच निरुपद्रवी होते, असं त्यांचं म्हणणं. पण ते खरंच घडतं का, हे सिद्ध करायचं होतं. म्हणून शहरातल्या वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. अर्ध्यांना डास, अर्ध्यांना नाहीत, आणि मग दोन्हीकडचे आजारी मोजायचे. या कामावर असलेली निंग्रुम नावाची तरुण बाई, लोकांची म्बाक म्हणजे ताई, समजावून सांगायला घरोघर फिरली. तिच्यासोबत वार्सी.

"आयुष्यभर डास मारायला लावलेत, बू, आणि आता पाळायला सांगता?" लोक विचारायचे.

"जावई नाही का पाळत?" वार्सी म्हणायची, आणि सही होऊन जायची.

चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढल्या. केदुंगला डास मिळाले. नदीपलीकडच्या सोका वस्तीला नाहीत. विजी लग्न होऊन सोकातच राहत होती, तिची मुलगी लारस चार वर्षांची.

सोकातल्या लोकांची समजूत घालायला निंग्रुमने वार्सीलाच नेलं. सभा मुखियाच्या पडवीत होती. विजीच्या भिंतीला भिंत लागून राहणारी तुतिक उठून उभी राहिली. ती लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायची. हात सोललेले, आवाज मोठा.

"म्हणजे तिकडे औषध, आणि इकडे आमची पोरं आजारी पडतात का ते बघत बसायचं? आम्ही काय वजनाचं माप आहोत?"

निंग्रुम उत्तर द्यायला तोंड उघडते तोच वार्सी म्हणाली, "तुतिक, तुझ्या इस्त्रीत एक सदरा जळला तर दुसरा शेजारी ठेवूनच कळतं ना किती जळला ते? तसंच आहे हे. आणि तुझे तर सगळेच जळतात, तुला तर आधी कळायला हवं!"

पडवी हसून लोळली. तुतिकही कसनुसं हसली आणि खाली बसली. मग वार्सीने गंभीर होऊन सांगितलं की कोणीही तिकडचे डास इकडे आणायचे नाहीत, नाहीतर सगळ्यांच्या कष्टांवर पाणी पडेल. सिद्ध झालं की सोकालाही मिळणारच आहेत, तोवर धीर धरायचा. निंग्रुमने परतताना तिचा हात दाबला. "तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं, बू." निंग्रुमला सापळ्यासाठी सोकात जागा हवी होती, तीही त्याच सभेत मिळाली. डास पकडायचा विजेवरचा सापळा स्वतःच्या ओट्यावर ठेवू द्यायला सगळ्यांत आधी तुतिकनेच हात वर केला होता.

पुढचा पावसाळा वाईट गेला. सोकात मागच्या गल्लीतला एक मुलगा डेंगीने दवाखान्यात गेला, मग एक गरोदर बाई. एके दिवशी विजीचा फोन आला, लारसचं अंग तापलंय. वार्सी चटणी अर्धी वाटलेली टाकून नदी ओलांडून धावली. ताप घशाचा निघाला, दोन दिवसांत उतरला. पण त्यानंतर वार्सी रोज दोनदा फोन करून लारसचं अंग गरम आहे का ते विचारायला लागली.

केदुंगमध्ये अंड्यांच्या बादल्या तिच्याच देखरेखीखाली होत्या. पाणी, माशांचं खाद्य आणि बारीक काळ्या ठिपक्यांसारखी डासांची अंडी असलेली कागदाची पट्टी. नव्या पट्ट्या आल्या त्या दिवशी तिने एक पट्टी केळीच्या पानात गुंडाळली, वर आंबवलेल्या सोयाबीनच्या तेम्पेच्या वड्या ठेवल्या आणि भर सकाळी पिशवी हलवत पूल ओलांडला. वाटेत दोघांनी "नातीला खाऊ का, बू?" म्हणून विचारलं. ती हो म्हणाली.

विजीच्या न्हाणीमागे रंगाचा रिकामा डबा होता. त्यात पाणी घालून तिने पट्टी सोडली.

विजी दारात उभी राहून बघत होती. "आई, तूच तर सांगितलं होतंस सभेत."

"सभेत सांगितलं ते सभेपुरतं. ही माझी नात आहे."

विजीने न्हाणीच्या भिंतीपलीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुतिकच्या गिलांगचं वय लारसएवढंच आहे. दोघं दिवसभर एकत्र असतात. तिच्या न्हाणीमागेही एक डबा ठेवू या का?"

"वेड लागलंय का तुला? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या सगळ्या सोकात होईल. गप बस."

विजीने तो विषय पुन्हा काढला नाही.

पाऊस सरता सरता गिलांगला ताप आला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून तुतिक खूश झाली, आणि त्याच संध्याकाळी पोराचे हातपाय गार पडले, नाकातून रक्त आलं. दवाखान्यात त्याच्या दोन्ही हातांना नळ्या लागल्या. वार्सी भेटायला गेली तेव्हा तुतिक खाटेशी बसून त्याच्या तळव्यांना तेल चोळत होती. वार्सीने डबा भरून पेज आणली होती. "खा गं थोडं," एवढंच ती बोलू शकली. घरी जाताना विजीच्या मागच्या दारी जाऊन तिने रंगाचा डबा उपडा केला, चेपला आणि नदीत भिरकावून दिला.

गिलांग वाचला. पण अशक्तपणा इतका, की भिंतीला धरून चालायचा.

आणि मग निंग्रुम चिंताक्रांत चेहऱ्याने लोतेकच्या गाडीवर आली. तुतिकच्या ओट्यावरच्या सापळ्यात जिवाणूवाले डास सापडले होते. एखाददुसरा वाऱ्यावर आला असं म्हणता आलं असतं. इतके नव्हे. "कोणीतरी नेऊन सोडलेत, बू. आमच्यातले काही जण म्हणतायत, तुतिकच असेल. सभेत तीच बोलली होती ना. मला तसं वाटत नाही, पण विचारावं तर लागेल. तुम्ही चला सोबत. तुमच्यासमोर ती मोकळेपणी बोलेल."

त्या क्षणी बोलून टाकायचं होतं. गाडीवर गिऱ्हाईक कोणी नव्हतं. वार्सीने रुमाल नीट केला, सदरा चढवला आणि निघाली.

तुतिक इस्त्री करत होती. निंग्रुमने फार जपून, आडवळणाने विचारलं. तरी तुतिकला कळलंच. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"मी? मी आणले असते तर माझं पोर असं भिंती धरून चाललं असतं?" तिचा आवाज फाटला. "सापळा माझ्या दारात. वीज माझी. रोज सकाळी त्याची जाळी मी साफ करते. आणि चोरही मीच? बू, तुम्ही तरी सांगा ना यांना. तुम्ही ओळखता मला."

निंग्रुमने वार्सीकडे बघितलं. "तुतिक तसं करणार नाही," वार्सी म्हणाली. खोटं तर काही नव्हतं त्यात. तुतिकचे डोळे भरून आले. तिने वार्सीचा हात धरून कपाळाला लावला. त्या हातावर किती तरी वेळ इस्त्रीची ऊब राहिली आणि वार्सीला तो हात कापून टाकावासा वाटला.

तेवढ्यात उपासाचा महिना संपला आणि लेबारानचा सण आला. त्या दिवशी धाकट्याने थोरल्याचे, शेजाऱ्याने शेजाऱ्याचे हात हातात घेऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, ही सगळ्या जावा बेटाची रीत. वार्सीने मनाशी हिशेब केला: सगळेच मागतात, मीही मागेन. मनातल्या मनात कशाची ते म्हणेन. झालं.

नवा रुमाल बांधून ती तुतिकच्या दारी गेली. दोन्ही हात पुढे केले. "कळत नकळत काही चुकलं असेल, तर अंतःकरणापासून माफ कर."

"तुम्हीच मला माफ करा, बू," तुतिक म्हणाली. ती रीतीपुरतं बोलत नव्हती. "सभेत तुम्ही हसवलंत ना सगळ्यांना, तेव्हापासून मी तुमच्याबद्दल चारचौघींत वाईटसाईट बोलले. आणि त्या दिवशी माझ्या बाजूने उभ्या राहिलात त्या तुम्हीच. माझी मलाच लाज वाटते." तिने गिलांगला हाक मारली, "ये, आजीच्या पाया पड." पोरगं भिंत सोडून डुलत डुलत आलं आणि वाकलं.

विजीकडे नारळाच्या दुधातली कोंबडी आणि केतुपात, म्हणजे पानांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, वाढून ठेवलं होतं. वार्सीला घास गिळवेना. माफी तिच्या पदरात पडली होती, पण बाजारात हातचलाखीने उचललेल्या जिनसेसारखी. वर तुतिकचीही माफी ती खिशात घालून आली होती.

"आई, जेव ना."

"तू तेव्हा म्हणाली होतीस, तिच्याकडेही डबा ठेवू," वार्सी म्हणाली, आणि ताट सारून तोंडाला रुमालाचं टोक लावून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती आधी निंग्रुमच्या घरी गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. निंग्रुमने बसायला सांगितलं नाही. ती म्हणाली, "एका डब्याने अभ्यास बुडत नाही, बू. पण मला हे वर कळवावं लागेल, नीतिसमितीला. तुम्हाला काम सोडावं लागेल." मग एकदम चिडून म्हणाली, "आणि त्या डब्याने लारसचं रक्षणही झालं नसतं! सगळ्या वस्तीत पसरायला महिनोन्महिने लागतात. हे गुण देतं की नाही, हे मलाच अजून ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून तर चिठ्ठ्या टाकल्या ना आपण?"

"तुला ठाऊक नव्हतं," वार्सी हळूच म्हणाली. "मी मात्र धरून चालले होते."

"समितीतही भांडणं चाललीयत," निंग्रुम म्हणाली. "इकडचे आकडे चांगले दिसायला लागले, तर पलीकडच्यांना किती दिवस थांबवायचं यावरून. मलाही रात्री झोप लागत नाही. पण म्हणून मी पिशवीत घालून नेले नाहीत."

तिथून वार्सी सोकात गेली. तुतिकने पूर्ण ऐकून घेतलं. हातातली चादर तिने घडी घालून ठेवली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"म्बाक निंग्रुम म्हणाली," वार्सीने चाचरत सांगितलं, "की तसाही उपयोग झाला नसता. गिलांगलासुद्धा."

"ते आता कळलं ना तुम्हाला. तेव्हा कुठे ठाऊक होतं?" तुतिक अजिबात ओरडली नाही. "तेव्हा तुम्हाला वाटत होतं, याने पोर वाचतं. असं वाटत असताना भिंतीच्या अलीकडे ठेवलंत. ही भिंत केवढी आहे, बू? विटेएवढी. माझं पोर तुमच्या विजीच्या ताटात जेवतं."

वार्सीचा माफीचा शब्द कालच वापरून झाला होता, तो पुन्हा तोंडात येईना.

"जा तुम्ही," तुतिक म्हणाली. "मला कपडे पोचवायचेत."

गोष्ट दोन्ही काठांना पसरली. हिरवा सदरा धुऊन, घडी घालून तिने आरोग्य केंद्रात परत केला. शिक्षा अशी कोणी केली नाही. उलट केदुंगच्या बायका गाडीवर येऊन तिची समजूत घालायच्या. "कुठल्याही आजीने हेच केलं असतं. तुमचं काही चुकलं नाही." मुखिया तर म्हणाला, "मायेचं माणूस आहात तुम्ही." अशा वेळी ती खलात मिरच्या जास्तच जोराने रगडायची. शिव्या दिल्या असत्या तर तिला त्या गिळता आल्या असत्या. कौतुक मात्र घशात अडकायचं.

अभ्यास पुरा झाला. केदुंगसारख्या वस्त्यांत आजार खूपच कमी झाला होता. मग ठरल्याप्रमाणे सोकाला आणि बाकीच्या वस्त्यांनाही बादल्या मिळाल्या. वाटप झालं त्या दिवशी निंग्रुम बोलली, मुखिया बोलला. वार्सी गेली नाही. विजीने येऊन सांगितलं की पहिली बादली तुतिकच्या अंगणात ठेवली, आणि गिलांग आता पळतो, लारसला धरून पाडतो.

"बरं झालं," वार्सी म्हणाली, आणि भाज्या निवडायला लागली.

नातीला भेटायला ती अजूनही जाते. पण जवळच्या पुलाने आलं की विजीच्या दाराआधी तुतिकचा ओटा लागतो, म्हणून बाजाराच्या मागून वळसा घालून दुसऱ्या पुलाने जाते. पोचेपर्यंत घामाघूम होते.

"इतक्या लांबून कशाला येतेस, आई?" विजी विचारते.

"चालल्याने गुडघे मोकळे राहतात," ती म्हणते, आणि मागच्या दाराने आत शिरते.