गोधडीतला मधला थर

शेजारच्या सुमनताई गोधडी शिवण्याआधी तिचे सगळे थर गुंडाळून हुकाच्या वजनकाट्याला अडकवतात. आज काटा किलोच्या जरासा पुढे गेला.

"पुढे गेला की पाठवणावळ एकदम वाढते," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईकाला डिलिव्हरी फुकट, ऑनलाइन विकणारी कंपनी ते पैसे कापते माझ्यातून. माल परत आला, तर येण्याजाण्याचा भुर्दंडही माझाच."

मग त्यांनी मधलं जाड लुगडं ओढून काढलं. "खरी ऊब याचीच असते बघा."

काटा मागे आला. ऊब आता काटाच ठरवतो, असं काहीतरी शहाणपणाचं मी बोलणार होते. पण तेवढ्यात आठवलं. गेल्या थंडीत मागवलेली एक गोधडी मी परत पाठवली होती. कुणी शिवली, ते पाहिलंही नव्हतं. कारण मात्र लिहिलं होतं: पातळ आहे.