मोडेमला हात न लावणाऱ्या मंदाताई

मंदाताई "आदर्श गृहिणी" नव्हत्या.

कॉलनीच्या ग्रुपवर काल ज्यानं तो श्रद्धांजलीचा मेसेज टाकला, त्याला मी स्पष्ट सांगितलंय, डिलीट कर. अजून केलेला नाही. म्हणून ही पोस्ट.

गृहिणी असण्यात कमीपणा नाही. पण खोटं ते खोटं.

मंदाताई कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या. इंटरनेट, प्रिंटर, वायफाय, सगळं. घरी येऊन. सिडकोपासून क्रांती चौकापर्यंत स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. काल सकाळी हार्ट अटॅकनं गेल्या. परवापर्यंत काम चालू होतं.

त्या दारात उभ्या राहिल्या की लोक त्यांच्या मागं बघायचे.
"इंजिनिअर साहेब कुठंयत?"
"साहेब घरी भाकऱ्या करायलेत. मी आलेय. आत येऊ का जाऊ?"

हे ऐकीव नाही. माझ्याच दारात झालंय.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. मला नुकतीच घरून करायची नोकरी लागली होती, कस्टमर सपोर्टची. आणि रोज दुपारी एक वाजला की नेट गायब. समोरचा माणूस बोलता बोलता कट. सकाळी परत ठणठणीत.

नेटवाल्यांचा माणूस दोनदा आला. दोन्ही वेळा सकाळी दहाला.
"मॅडम, बराबर तो चालू है."
तक्रार बंद करून गेला.

मॅनेजरनं शेवटचा आठवडा दिला. नेट नीट करा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

नवरा म्हणाला, "सोड ना. माझ्या पगारात भागतंय."

भागत होतं हो. पण लग्नानंतर सहा वर्षांनी माझं स्वतःचं नाव असलेलं आयकार्ड माझ्या गळ्यात आलं होतं. ते मला काढायचं नव्हतं. कुणासाठीच.

मंदाताईंना फोन केला. आल्याच नाहीत!
"दोन दिवस वही घेऊन बस. नेट गेलं की टाईम लिही, आलं की टाईम लिही. मला फोटो पाठव. मग येते."

मला असला राग आला. इथं माझी नोकरी चाललीय आणि ही बाई मला गृहपाठ देतेय. तरी लिहिलं.

फोटो बघितला आणि त्या बरोबर दुपारी दोनला आल्या. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

सासूबाईंनी साहेबांची चौकशी केली, मग नाव विचारलं, मग आडनाव. आडनाव कशासाठी विचारतात ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.
"सांगते की मावशी. तुमच्याकडं चहा बी पिते. आधी मोडेम दाखवा."

मोडेम शोकेसमध्ये. काचेच्या आत, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर. आणि त्याला सासूबाईंनी विणलेलं लोकरीचं कव्हर. मरून रंग, पांढरी झालर, कोपऱ्यांना मणी.

हसू नका. तुमच्याही घरी फ्रिजच्या हँडलला, मिक्सरला, रिमोटला काहीतरी घातलेलं आहे. आमच्याकडे नवी वस्तू आली की सासूबाई आधी तिचं माप घेतात.

"हात ठेव त्याच्यावर," ताई मला म्हणाल्या.

हा त्यांचा नियम. स्वतः कशालाच हात लावायच्या नाहीत. घरातल्या माणसाकडूनच करून घ्यायच्या. "मी गेल्यावर परत बिघडलं तर तुलाच करायचंय ना?"

कव्हरखाली हात घातला आणि झटकन मागं घेतला. तव्यासारखं तापलेलं. भर उन्हाळ्यात, बंद काचेत, अंगावर लोकर. बिचारं रोज दुपारी तापून बंद पडत होतं.

मी कव्हर ओढायला गेले तर ताईंनी अडवलं.
"तू नाय. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं. नायतर उद्या परत घालतील."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "धूळ बसती म्हणून केलं व्हतं. महिनाभर विणलंय मी."
"लई सुंदर विणलंय, मावशी. पण तुम्हीच सांगा, आत्ता स्वेटर घालून कपाटात बसाल का?"

सासूबाई हसल्या नाहीत. ताई हटल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या. मी नुसती घड्याळाकडे बघत होते. तीनला माझी शिफ्ट परत सुरू होणार होती.

शेवटी सासूबाई उठल्या. काच सरकवली. कव्हर काढलं. मोडेम उचललं आणि पंख्याखाली स्टुलावर ठेवलं.

मग ताईंनी खरंच चहा घेतला. आडनावही सांगितलं. सासूबाईंनी चहाचं पातेलं परत उचललं. मग म्हणाल्या, "अजून घ्या अर्धा कप."

मोडेम थंड झालं, तीनच्या आत नेट आलं आणि त्या दुपारी परत गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आजही त्याच कंपनीत आहे. टीम लीड आहे. कव्हर मिक्सरवर आहे.

आणि कृपा करून कमेंटमध्ये "बाई असून एवढं" लिहू नका. बाई असून काही नाही. त्यांना त्यांचं काम येत होतं. तुमच्या त्या दहा वाजताच्या साहेबांना येत नव्हतं.

काल बातमी कळली तेव्हा माझ्या आधी सासूबाईंनी चपला घातल्या. "मला बी मातीला यायचंय."
गेलो दोघी. दोघीही रडलो.

आज सकाळी कंपनीच्या पोर्टलवर सुट्टी टाकायला बसले. फॉर्म विचारतो, मृत व्यक्तीशी तुमचं नातं काय. आई, वडील, नवरा, मूल, सासू, सासरे.

मी "इतर" निवडलं. खाली चौकट उघडली, कारण लिहा.

लिहिलं, "या बाई नसत्या तर हा फॉर्म भरायला मी इथं नसते."

सुट्टी मंजूर होईल, नाही होणार. मी आज लॉगिन करणार नाही.

ताई, भेटलो की तुम्हीच आधी म्हणायच्या. आज मी म्हणते.

जय भीम, मंदाताई.