विहिणीच्या पदरातला शब्द

सेतुराव गेल्याचं त्याच्या मुलीनं, पद्मानं, सकाळी फोनवर सांगितलं. मी ‘बरं’ म्हणालो. पुढं काही दिवसांनी इथल्या मराठी मंडळात शोकसभा झाली. एका गृहस्थांनी सेतूच्या ध्वनिमुद्रणाचं मनापासून कौतुक केलं आणि शेवटी हसून म्हणाले की एवढा कसलेला माणूस, पण स्वतःच्या आईच्या कॅसेटमध्ये मात्र घसरला. लोकही हसले, त्यात वाईट हेतू नव्हता. मी पहिल्याच रांगेत होतो. उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. उठलो नाही. म्हणून आता हे लिहितो आहे.

वेस्ट मांबलमला, स्टेशनजवळ, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचा स्टुडिओ होता. मी अंबत्तूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून सेतूचा भागीदार झालो होतो. तो तंजावरी मराठी, घरातली भाषा जुनी आणि निम्मी तमिळ. मी सांगलीचा, पण त्याच्या लेखी महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण पुणेकर, आणि मला तो शेवटपर्यंत त्याच नावानं हाक मारत आला. एक लोकल गेली की दुसरी येईपर्यंत गाणं उरकायचं, असं आमचं काम. रिव्हर्बच्या, म्हणजे आवाजामागं सोडायच्या घुमाऱ्याच्या बाबतीत तो फार हट्टी होता. मूळ आवाज कोरडा ठेवायचा, घुमारा वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा, त्यातला खालचा जाड हुंकार कापायचा. शब्द आणि घुमारा यांच्यामध्ये किंचित जागा सोडायची. ‘शब्दाला आधी उंबरा ओलांडू दे, मग त्याची सावली सोड,’ असं म्हणायचा. बटण हळूहळू वाढवत न्यायचं, घुमारा कानाला जाणवला की परत थोडं मागं यायचं आणि स्वतःलाच सांगायचं, ‘पोदुम’. पुरे. त्यानंतर शेवटची परीक्षा व्हायची ती त्याच्या घरी. बैठकीतल्या डबड्यासारख्या स्पीकरवर गाणं हलक्या आवाजात लावायचं, स्वयंपाकघरात कुकर चालू असायचा, आणि तिथल्या दारात कुणालातरी उभं करून ऐकू येतील ते शब्द म्हणायला लावायचे. एक शब्द चुकला तरी मिक्स, म्हणजे आवाज आणि घुमाऱ्याची जुळणी, परत करायची. मोठमोठ्या गायकांना त्यानं त्या दारात उभं केलं होतं. त्यांचे चेहरे बघण्यासारखे असत.

त्याची आई तुळजाबाई. लग्नात नलंगूच्या वेळी नवरानवरी समोरासमोर बसून एकमेकांना हळद लावतात, पापड फोडतात, आणि बायका गाण्यांतून व्याह्यांची टिंगल करतात. ती सगळी मराठी गाणी येणारी तंजावरी घरांत तुळजाबाई एकटीच उरली होती. आम्ही तिला स्टुडिओत बसवलं. आवाज थकलेला होता, वरच्या सुरावर फाटायचा, पण शब्द असे टाकायची की मी काचेपलीकडे पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी सेतू कसल्याशा कामासाठी तंजावरला गेला. जाताना म्हणाला, मी आल्यावर मिक्स करू. मी थांबलो नाही. मला तो फाटलेला आवाज झाकायचा होता. म्हातारीचं हसं होऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर आमच्या स्टुडिओचं होऊ नये, एवढंच मनात होतं. मी घुमारा ओतला. देवळात गातेय असं वाटायला लागलं आणि मला ते फार आवडलं. तसंच कॅसेटवाल्याकडे पाठवून दिलं. आणि दुसऱ्या कामाला रीळ हवं होतं म्हणून तिचं मूळ रीळ पुसलं. आम्ही रिळं तशीच परत वापरायचो.

कॅसेट आली तेव्हा घरभर नातेवाईक जमले होते. तुळजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, नेहमीच्या जागी. ती म्हणाली, ‘काय रे सेतू, मज आडांत बसवून गाववलेंस काय?’ सगळे हसले. सेतूनं माझ्याकडं पाहिलं. मग आईला म्हणाला, ‘चुकलं माझं.’ त्यानंतर ती पुन्हा गायला बसली नाही. वर्षाच्या आत गेलीही. खाली जिन्यात त्यानं मला एवढंच विचारलं, ‘मूळ रीळ आहे ना, पुणेकर?’ मी सांगितलं, दमट हवेनं खराब झालं.

घुमारा मी घातला हे त्याला अर्थातच ठाऊक होतं. त्याचा दोष त्यानं जन्मभर आपल्या अंगावर घेतला. पण रिळाबद्दल त्यानं माझा शब्द खरा मानला, आणि ते मला जास्त जड गेलं. अलीकडं पद्मानं त्याला संगणकावर घुमारा गाळणारं काहीतरी आणून दिलं होतं. तासन्‌तास आईच्या कॅसेटवर तेच चालायचं. शेवटचा भेटलो तेव्हा तो थकून खुर्चीत मागं टेकला होता. म्हणाला, ‘घुमारा निघतो रे, पण त्याबरोबर शब्दही निघून जातो... ते रीळ थोडं जरी वाचलं असतं तर.’ मी चहा संपवला आणि घरी आलो.

शोकसभेनंतरच्या रविवारी पद्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे पाटीचं, आजीचं, गाणं कोरडं ऐकलेले आता तुम्ही एकटेच राहिलात, काका. तिथं उभे राहा.’ तिनं कुकर गॅसवर ठेवला आणि बैठकीत जाऊन ते डबडं चालू केलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. चौकटीवर एका जागी रंग उडालेला आहे, लोक हात टेकवून ऐकत तिथं. व्याही आले रथांतून, विहीण आली मिरवत... एवढं मी म्हणालो. पुढं विहिणीनं पदराला काय बांधून आणलं तो शब्द येतो, आणि तिथं नुसतं देऊळ घुमतं. काचेपलीकडे मी हसलो होतो ते याच शब्दाला. हसू अजून लख्ख आठवतं. शब्द आठवत नाही.

‘काय आणलं तिनं, काका?’ पद्मानं बैठकीतून विचारलं.

‘परत लाव,’ मी म्हणालो. आता दर रविवारी जातो. ती कुकर चढवते, मी दारात उभा राहतो.